न्यूरोसायन्सच्या गाइडची पेपरयादी कशी वाचायची

एम.एस्सी.चे निकाल लागले की आमच्या ग्रंथालयात कूलरसमोरच्या टेबलावर एक ठरलेलं दृश्य दिसतं. प्राणिशास्त्राची, फार्मसीची मुलं मोबाइलवर कुणा प्राध्यापकांचं गूगल स्कॉलरचं पान उघडून बसतात आणि उजव्या कोपऱ्यातला आकडा एकमेकांना दाखवत राहतात. मागच्या वर्षी गोंदियाकडची एक मुलगी थेट काउंटरवरच आली. "मॅडम, हे पाहा न. ह्या सरांचे साइटेशन 6,200 आहेत, एच-इंडेक्स 34. आणि ह्या दुसऱ्या मॅडमचा फक्त 11. मी 34 वाल्यांनाच मेल टाकून राहिली."

साइटेशन म्हणजे त्यांचे पेपर इतरांच्या पेपरांत किती वेळा उद्धृत झाले तो आकडा, आणि एच-इंडेक्स हे त्यावरूनच काढलेलं माप. टाक म्हटलं, पण आधी अर्धा तास बस. त्या अर्ध्या तासाचे दोन तास झाले. मधे खाली जाऊन तर्री-पोहे खाऊन आलो. पुढे जे लिहिलंय ते त्या बैठकीचंच टिपण आहे, थोडं नीट लावून. पीएच.डी.साठी गाइड शोधणाऱ्यांना, सेमिनारसाठी पेपर निवडणाऱ्यांना आणि घरी "हे सर किती मोठे आहेत गं?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणाऱ्यांना उपयोगी पडेल. मी स्वतः ग्रंथालयात येण्याआधी काही वर्षं उंदरांच्या मेंदूचे काप काढण्यात घालवली आहेत, म्हणून उदाहरणं मेंदूचीच देते.

पहिली पायरी: माणूस तोच आहे ना?

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती. नोकरीच्या सुरुवातीला एका प्राध्यापकांच्या बढतीच्या फायलीसाठी पेपरांची यादी काढून द्यायचं काम माझ्याकडे आलं. नाव टाकलं, जे आलं ते छापलं. मेंदूतल्या भूक-नियंत्रणावर काम करणाऱ्या त्या सरांच्या यादीत संत्र्यावरच्या कोळशीचे, म्हणजे काळ्या माशीच्या किडीचे, सात पेपर निघाले. आडनाव तेच, आद्याक्षर तेच, पत्त्यात शहरही तेच. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, माशी माझी नाही." तेव्हापासून मी आधी नाव तपासते.

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो, कारण आपण नाव तीन तुकड्यांत लिहितो. कुणी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर घालतं, कुणी गाळतं. लग्नानंतर मधलं अक्षर आणि आडनाव दोन्ही बदलतात. एकाच बाईंचे पेपर एस. आर. देशमुख, एस. देशमुख आणि एस. पी. काळे अशा तीन नावांवर विखुरलेले असू शकतात, आणि मग त्यांचा एच-इंडेक्सही तीन ठिकाणी फुटून पडतो.

उपाय सोपा आहे. ऑर्किड नावाचा 16 अंकी क्रमांक 2012 पासून संशोधकांना फुकट मिळतो. तो ज्यांनी काढलाय आणि अद्ययावत ठेवलाय, त्यांची यादी तिथे पाहा. नसेल तर पबमेडवर, म्हणजे वैद्यक-जीवशास्त्राच्या पेपरांच्या फुकट सूचीत, आडनाव आणि आद्याक्षरं टाकून प्रत्येक पेपराखालचा विभागाचा पत्ता आणि सहलेखक बघा. सहलेखकांची तीच चार-पाच नावं पुन्हा पुन्हा दिसत असतील तर माणूस तोच. अचानक एखादा पेपर सोयाबीनचा किंवा पुलाच्या काँक्रीटचा निघाला, तर गूगल स्कॉलरने तो आपणहून चिकटवलाय आणि पानाच्या मालकाने तो काढलेला नाही, एवढंच समजा. लगेच लबाडीचा संशय घेऊ नका.

दुसरी पायरी: आकडा कुठल्या दुकानातला?

एकाच प्राध्यापकांचे गूगल स्कॉलरवर 6,200, स्कोपसवर 4,100 आणि वेब ऑफ सायन्सवर 3,700 साइटेशन दिसू शकतात. तिन्ही खरे. गूगल स्कॉलर, जे 2004 च्या नोव्हेंबरात सुरू झालं, ते प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच टाकलेले पेपर), परिषदेच्या पुस्तिका असं जे सापडेल ते मोजतं. स्कोपस त्याच वर्षीचं, एल्सेव्हियर कंपनीचं, आणि ते नियतकालिकं, पुस्तकं, परिषदांचे पेपर निवडूनच घेतं. वेब ऑफ सायन्सचं मूळ त्याहून जुनं. युजीन गारफील्ड यांनी 1960 च्या दशकात कोणता लेख कुणी उद्धृत केला याची छापील सूची काढायला सुरुवात केली, तिचा हा वारस.

आमच्या ग्रंथालयाचा नियम साधा आहे: दोन माणसांची तुलना करायची तर दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्यायचे. एकाचे स्कॉलरचे आणि दुसऱ्याचे स्कोपसचे लावणं म्हणजे एकाचं वजन चपला घालून आणि दुसऱ्याचं अनवाणी करणं, आणि चपलाही लोखंडाच्या.

स्कोपसचं पूर्ण खातं महाग असतं, पण लेखकाचं नाव शोधून एच-इंडेक्स आणि पेपरांची संख्या बघण्याइतकं ते फुकटही दाखवतं. मूळ पेपर वाचायला मिळत नाही ही तक्रार मात्र आता निम्मी झाली आहे. 2025 च्या जानेवारीपासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी विद्यापीठं, सरकारी महाविद्यालयं आणि केंद्रीय संशोधन संस्थांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं खुली झाली आहेत. तुम्ही खासगी कॉलेजात असाल तर सरकारी संस्थेत शिकणाऱ्या मैत्रिणीची मदत लागेल, किंवा लेखकालाच मेल करून पीडीएफ मागा. बहुतेक जण आनंदाने पाठवतात. आपला पेपर कुणी वाचू मागतंय याचं अप्रूप सगळ्यांनाच असतं.

तिसरी पायरी: एच-इंडेक्स एकदा हाताने काढा

अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी हे माप 2005 मध्ये मांडलं. व्याख्या पाठ करण्यापेक्षा कागदावर एकदा काढून बघा. त्या मुलीला मी वहीच्या मागच्या पानावर काढायला लावलं. समजा कुणाचे दहा पेपर आहेत आणि त्यांना मिळालेली साइटेशन उतरत्या क्रमाने अशी: 41, 33, 20, 12, 9, 7, 6, 3, 1, 0. आता वरून मोजत या, पेपराचा क्रमांक त्याच्या साइटेशनपेक्षा मोठा होईपर्यंत. सहाव्या पेपराला 7 साइटेशन आहेत, म्हणजे सहा किंवा जास्त. सातव्याला 6, म्हणजे सातपेक्षा कमी. इथे थांबायचं. एच-इंडेक्स 6. किमान दहा साइटेशन असलेले पेपर चार, म्हणून गूगलचा आय-10 हा आकडा 4. एकूण साइटेशन 132.

मग मी तिला म्हटलं, आता 41 च्या जागी 900 लिही. तिने लिहिलं, पुन्हा मोजलं. एच-इंडेक्स 6 च राहिला. "अरे, मग तो एवढा मोठा पेपर गेला कुठे?" तिने विचारलं. कुठेच गेला नाही, या मापाला तो दिसत नाही. आयुष्यात एकच जबरदस्त शोध लावणारा आणि वीस बरे पेपर लिहिणारा, यांत हे माप दुसऱ्याला वर ठेवतं.

दुसरी गोष्ट, एच-इंडेक्स कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त होऊन अंबाझरी तलावावर रोज फिरायला जायला लागला तरी तो वाढतच राहतो. म्हणून वयाचा हिशेब धरा. पहिला पेपर आल्यापासून किती वर्षं झाली, त्याने एच-इंडेक्सला भागा. ही युक्तीही हिर्श यांचीच. 34 वाल्या सरांचा पहिला पेपर 1991 चा होता, 11 वाल्या मॅडमचा 2014 चा. भागाकार केल्यावर दोघांचे आकडे जवळपास सारखेच आले. मुलीने पेन खाली ठेवलं.

चौथी पायरी: लेखकांच्या नावांचा क्रम

हीच खरी पायरी. बाकी सगळं घाईत केलंत तरी चालेल, इथे मात्र वेळ द्या.

गणितात लेखकांची नावं बहुधा वर्णानुक्रमे लावतात, पण मेंदूविज्ञानात आणि एकूणच जीवशास्त्रात जागेला अर्थ असतो. पहिलं नाव ज्याने हात काळे केले त्याचं. इलेक्ट्रोड बसवले, काप काढले, रात्री दोनला प्राणिगृहात जाऊन उंदीर बघून आला तो हा. शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. कल्पना, पैसा, जागा आणि शेवटी जबाबदारी त्यांची. ज्याच्या नावापुढे तारा किंवा पाकिटाचं चिन्ह असतं तो पत्रव्यवहाराचा लेखक, बहुतेक वेळा हाच प्रमुख. मधली नावं मदतीची. कुणी आकडेवारी केली, कुणी पेशी दिल्या, कुणी एमआरआय यंत्रावर वेळ मिळवून दिला. काही नावं विभागप्रमुख म्हणून शिष्टाचाराने घातलेली असतात. हे चूक आहे, पण होतं.

तर आता यादी उघडा आणि एका कागदावर तीन रकाने करा: पहिला, शेवटचा, मधला. शेवटच्या दहा वर्षांचे पेपर त्यात टाका. गाइडसाठी ज्यांचा विचार करताय त्यांच्या यादीत 'शेवटचा' हा रकाना भरलेला हवा, आणि त्या पेपरांत पहिली नावं वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची हवीत. म्हणजे त्यांच्याकडे मुलं काम पूर्ण करतात आणि श्रेय मुलांना मिळतं. याउलट, प्रत्येक पेपरात गाइडच पहिले आणि विद्यार्थी तिसरे-चौथे असतील, तर त्यांच्या विभागातल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला चहाला घेऊन जा आणि नुसतं ऐका.

34 वाल्या सरांच्या यादीत आम्हाला काय सापडलं? 6,200 पैकी चार हजारांहून जास्त साइटेशन दोन-तीन पेपरांवर होती, आणि ते पेपर 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जागतिक आजार-मोजणी प्रकल्पाचे होते. हा प्रकल्प सिएटलहून चालतो, त्याचे निष्कर्ष लॅन्सेटसारख्या नियतकालिकांत येतात आणि एकेका पेपरावर शेकडो लेखक असतात. मेंदूच्या चित्रणात एनिग्मा नावाचा असाच मोठा गट आहे. 2009 साली सुरू झालेला हा गट अनेक देशांची माहिती एकत्र करतो. अशा कामात सहभागी होणं चांगलंच, त्यातून देशाची माहिती जगाच्या नकाशावर येते. पण त्या तीनशे जणांच्या रांगेत कुणाचं नाव आहे एवढ्यावरून तो मेंदूतल्या पेशींवर प्रयोग कसे शिकवतो हे कळत नाही. ते आणि 'मधला' रकान्यातले पेपर बाजूला ठेवून मोजलं तर सरांचे स्वतःच्या प्रयोगशाळेचे पेपर अठरा उरले. त्यातले काही खरोखर उत्तम होते, हेही सांगते. मुलीला त्यातला एक इतका आवडला की तिने तो प्रिंट काढून घेतला.

मॅडमचे एकूण पेपर एकोणीस. त्यातल्या बारांत त्या शेवटच्या, आणि पहिल्या जागी सहा वेगवेगळी नावं.

पाचवी पायरी: कुणी उद्धृत केलं, आणि कशासाठी?

'साइटेड बाय' या शब्दांवर बोट दाबा. इथे फार कमी लोक जातात. त्यातून कुठलेही पाच पेपर उघडा, शेवटच्या संदर्भसूचीत आपल्या सरांचा क्रमांक शोधा, मग तो क्रमांक मजकुरात कुठे येतो ते पाहा. पाच पेपरांना पाऊण तास लागतो.

बहुतेक वेळा तो प्रस्तावनेत सापडतो, "या विषयावर बरंच काम झालं आहे" अशा एका वाक्यामागे, 12 ते 19 क्रमांकांच्या ताफ्यात बसलेला. ही जेवणाच्या पंगतीतली हजेरी. त्याला साइटेशन म्हणतात, पण वजन हलकं. कधी तो 'पद्धती' भागात येतो: "आम्ही अमक्यांच्या पद्धतीने रंजन केलं", म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून काप रंगवले. म्हणजे त्यांची पद्धत लोक रोज वापरतात. आणि क्वचित तो निष्कर्षांच्या चर्चेत येतो, नावानिशी, पूर्ण परिच्छेदभर, "त्यांचं मत असं, आमच्या निरीक्षणाशी ते जुळत नाही" असा. माझ्या मते हे सर्वात मोलाचं. कुणीतरी त्या पेपराशी भांडतंय, म्हणजे तो जिवंत आहे.

पद्धतीच्या पेपरांचे आकडे बघून घाबरू नका आणि भुलूही नका. प्रथिनं मोजण्याच्या लोरी पद्धतीचा 1951 चा पेपर 3 लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालेला आहे. जगातल्या सर्वाधिक साइटेशनच्या पेपरांत त्याचं नाव पहिलं घेतलं जातं. तो काही जगातला सर्वात मोठा शोध नव्हे, सगळ्यांना लागणारी गोष्ट होती एवढंच. मेंदूविज्ञानात ओल्डफील्ड यांचा 1971 चा पेपर तसाच. माणूस डावखुरा आहे की उजवा, हे विचारायची छोटी प्रश्नावली त्यात आहे. मेंदूचं चित्रण करणारा जवळजवळ प्रत्येक जण सहभागींची निवड सांगताना तिचा उल्लेख करतो. आढावा घेणाऱ्या लेखांचंही तेच. ज्याच्या यादीत आढावे जास्त, त्याची साइटेशन प्रयोग करणाऱ्यापेक्षा आपसूक जास्त.

आणि ज्याला अजून कुणी उद्धृत केलेलं नाही तो पेपर वाईट असतो असंही नाही. उंदराच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मरणाशी संबंधित भागात जागा ओळखणाऱ्या पेशी असतात हे जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी 1971 मध्ये एका छोट्याशा टिपणात लिहिलं. ओकीफ यांना त्यासाठी नोबेल मिळालं ते 2014 मध्ये.

स्वतःलाच उद्धृत करणं थोडंफार सगळे करतात, मागच्या कामावर पुढचं उभं राहतं म्हणून करावंही लागतं. स्कोपसमध्ये स्वतःची साइटेशन वगळून बघायची सोय आहे. वगळल्यावर आकडा निम्म्यावर आला तर कपाळाला आठी पाडायला हरकत नाही.

सहावी पायरी: गल्ली कुठली?

अल्झायमरवर काम करणारे जगभर प्रचंड आहेत, त्यामुळे त्यातला साधा पेपरही पन्नास जण उद्धृत करतात. क्षयरोगाच्या मेनिंजायटिसवर, म्हणजे मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या टीबीवर, काम करणारे त्या मानाने थोडे. आजार मात्र आपल्या वॉर्डांत जास्त दिसतो. नागपुरात बजाज नगरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधून या आजाराच्या निदानावर बरंच संशोधन प्रसिद्ध झालेलं आहे. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र विभागांतून मेंदूतल्या न्यूरोपेप्टाइडवर, म्हणजे भूक, ताण, व्यसन यांच्याशी संबंध असलेल्या छोट्या रेणूंवर, वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. अशा कामाची तुलना अमेरिकेतल्या अल्झायमर प्रयोगशाळेच्या आकड्यांशी करणं म्हणजे नागपुरातल्या बर्डीच्या भर बाजारातल्या दुकानाचा गल्ला आणि खेड्यातल्या एकमेव किराणा दुकानाचा गल्ला एका वहीत मांडणं.

यावर एक फुकटचं साधन आहे आणि ते आपल्याकडे फारसं कुणी वापरत नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट. पबमेडवरच्या प्रत्येक पेपराला एक क्रमांक असतो. हे क्रमांक आयसाइटमध्ये चिकटवले की प्रत्येक पेपरासाठी एक सापेक्ष आकडा मिळतो. त्यात पेपरचं वय आणि त्याच्या आसपासचा विषय, दोन्ही धरलेले असतात. 1 म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या मधल्या दर्जाच्या पेपराइतकी दखल. मॅडमच्या एका पेपराला साइटेशन फक्त 23 होती, पण हा आकडा 1.8 आला. सरांच्या दीडशे साइटेशनच्या एका आढाव्याला 1.1. या आकड्यालाही मर्यादा आहेत. पबमेडबाहेरचं काहीच त्याला दिसत नाही, आणि मानसशास्त्राकडे किंवा संगणकशास्त्राकडे झुकणारं मेंदूचं बरंच काम पबमेडबाहेर असतं.

नियतकालिकाबद्दल थोडकंच

इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा आकडा असतो, पेपराचा नाही आणि माणसाचा तर नाहीच. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती साइटेशन मिळाली, इतकंच तो सांगतो. सरासरी म्हटली की दोन-चार गाजलेल्या लेखांनी ती वर उचलली जाते आणि बाकीचे त्यांच्या खांद्यावर बसून येतात. 1981 पासून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'चा इम्पॅक्ट फॅक्टर एक आकडी असतो, तरी त्यात पेपर आला की मेंदूविज्ञानवाले मान डोलावतात. संशोधकांना इम्पॅक्ट फॅक्टरवरून तोलू नका, असं सांगणारं सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्र 2013 मध्येच प्रसिद्ध झालं. आपल्याकडच्या मुलाखतींत आजही तो विचारतात. विचारला तर सांगा, वाद घालू नका, नोकरी लागू द्या.

'इंटरनॅशनल जर्नल ऑफ' ने सुरू होणारी, तीन दिवसांत छापणारी, फी गूगल पे वर घेणारी नियतकालिकं म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. यादीत असे दोन-तीन जुने पेपर दिसले तर माफ करा. एक काळ असा होता की प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापणं सक्तीचं होतं आणि मुलं काय करणार? ती सक्ती यूजीसीच्या 2022 च्या नियमांनी गेली. पण गेल्या वर्षीचे पेपरही तिथेच असतील, तर मग विचार करा.

दर सप्टेंबर-ऑक्टोबरात वर्तमानपत्रात बातमी येते की नागपूरचे अमके 'स्टॅनफर्डच्या जगातल्या अव्वल 2 टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत'. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून काढतात. तिच्यात दोन तक्ते असतात, एक पूर्ण कारकिर्दीचा, एक फक्त त्या एका वर्षाचा. बातमीत कुठला ते बहुधा लिहिलेलं नसतं. यादीचा एक गुण मान्य करते: ती पहिल्या, शेवटच्या आणि एकट्या लेखकाच्या पेपरांना वेगळं मोजते, म्हणजे आपण चौथ्या पायरीवर केलं तेच काहीसं.

मागे घेतलेले पेपर

प्रत्येक महत्त्वाच्या पेपराचं नाव पबपीअरवर टाकून बघा. 2012 पासून तिथे लोक छापून आलेल्या पेपरांतल्या शंका मांडतात. चित्रं दोनदा वापरली आहेत का, प्रथिनांच्या चाचणीच्या चित्रातल्या पट्ट्या कापून चिकटवल्या आहेत का, अशा. शंका म्हणजे गुन्हा नव्हे. लेखकाने उत्तर दिलंय का आणि कसं दिलंय, ते वाचा. तिथे माणूस कळतो.

अल्झायमरचंच उदाहरण घ्या. स्मृतिभ्रंशामागे अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचा एक विशिष्ट गुच्छ आहे असं सांगणारा पेपर 2006 मध्ये 'नेचर'मध्ये आला. काम मिनेसोटाचं. 2022 मध्ये त्यातल्या चित्रांवर गंभीर शंका उघड झाल्या आणि 2024 मध्ये तो मागे घेतला गेला. तोवर त्याला अडीच हजारांच्या आसपास साइटेशन मिळालेली होती. ती सगळी कुणाकुणाच्या एच-इंडेक्समध्ये आजही मोजली जातात.

नमुन्याचा आकारही जाता जाता पाहा. 2013 च्या एका गाजलेल्या विश्लेषणात असं दिसलं की मेंदूविज्ञानातल्या अभ्यासांची सांख्यिकीय ताकद, म्हणजे खरा परिणाम असताना तो पकडण्याची शक्यता, साधारण 8 ते 31 टक्क्यांच्या दरम्यान आहे. प्रत्येक गटात सहा उंदीर आणि शीर्षकात मोठा दावा, असं दिसलं की सावध व्हा. त्यांच्या नंतरच्या पेपरांत गट मोठे होत गेले का, तेही बघा. जो शिकतो तो गाइड चांगला.

शेवटी शोधगंगा, आणि मग मेल

शोधगंगावर देशभरचे पीएच.डी. प्रबंध असतात. गाइडचं नाव टाका. किती मुलांचे प्रबंध झाले, नोंदणीपासून किती वर्षांनी झाले, हे तिथे बऱ्याचदा दिसतं. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर थांबा. "माझ्या कठीण काळात सरांनी…" हे सगळेच लिहितात, पण त्यापुढचं वाक्य खरं बोलून जातं. प्रबंध झालेल्या मुलांची नावं पबमेडवर टाका. ती पुढे कुठे गेली, अजून संशोधन करतात का, हे पंधरा मिनिटांत कळतं.

मेल टाकताना "आपल्या एच-इंडेक्सने प्रभावित झालो" असं लिहू नका. हसू नका, मी असे मेल पाहिले आहेत. एका पेपराचं नाव लिहा, त्यातली एक आकृती, आणि तिच्याबद्दल तुम्हाला पडलेला एक प्रश्न. चार ओळी पुरतात.

त्या मुलीने त्या रात्री दोघांनाही मेल टाकले. सरांना त्या प्रिंट काढलेल्या पेपरातल्या तिसऱ्या आकृतीबद्दल विचारलं, मॅडमना त्यांच्या रंजनाच्या पद्धतीबद्दल. सरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, छान, सविस्तर, आणि शेवटी लिहिलं होतं की दोन वर्षांनी निवृत्त होतोय, नवा विद्यार्थी घेता येणार नाही. ही गोष्ट आम्हाला दोन तासांत एकाही यादीत सापडली नव्हती. मॅडमनी तीन दिवसांनी उलट विचारलं, "तुम्ही क्रायोस्टॅट वापरलंय का कधी?" म्हणजे ऊती गोठवून पातळ काप काढायचं यंत्र. तिने नाही म्हणून कळवलं. "मग सोमवारी या, दाखवते."